चूळवाल्या मॅडम

आमच्या मॅडम रुग्णाला आल्या आल्या 'कसं वाटतं?' असं कधी विचारत नसत. तो दारात दिसला की त्या कोपऱ्यातल्या बेसिनकडे बोट दाखवत आणि म्हणत, "चूळ भरा. चांगली खळखळून. मग चपला काढा आणि या." तो नागपूरच्या सदरमधला दुकानदार असो, नंदनवनातली नोकरदार बाई असो की पहाटेच्या एसटीनं आलेला म्हातारा असो, सगळ्यांना हेच. एकदा कुठल्याशा समितीचे अध्यक्ष आपल्या मेहुण्याला घेऊन आले. मेहुण्यानं बिचाऱ्यानं चूळ भरली, बूट काढले. एका मोज्यातून अंगठा बाहेर आलेला होता. अध्यक्षांना ते आवडलं नाही. म्हणाले, "काय मॅडम, हा दवाखाना आहे का देऊळ?" मॅडमनी मान वर न करता सांगितलं, "देवळात मोजे चालतात. इथं तेही काढा."

बाहेरच्या बाकावर त्यांचं नावच चूळवाल्या मॅडम पडलं होतं. खरं नाव औषधाच्या चिठ्ठीवर असायचं, पण ते कुणी घेत नसे. "चूळवाल्या मॅडम आल्या का जी?" असंच लोक शिपायाला विचारत. मॅडमना ते ठाऊक होतं. त्यांना त्याचं हसू यायचं नाही आणि रागही यायचा नाही. त्या चुळीमागचं कारण फार थोड्यांना माहीत होतं. त्यांपैकी मी एक आहे, म्हणून हे लिहिते आहे.

आधी थोडं समजावून सांगायला हवं. ज्यांना कानात आवाज येतात, ज्यांचा कुणावर विश्वास उरत नाही, अशा रुग्णांना जी औषधं देतात, त्यांनी पुष्कळांचे संसार सावरले आहेत. पण तीच औषधं काहींचं शरीर हातात घेतात. कुणाचे हात लाकडासारखे होतात आणि चालताना हलत नाहीत. कुणाला एका जागी बसवत नाही. काहींच्या बाबतीत, बरीच वर्षं औषध घेतल्यावर, ओठ, जीभ, बोटं आपोआप हलायला लागतात. पुष्कळदा रुग्णाला स्वतःला ते कळतही नाही. हे मोजायची एक ठरलेली रीत आहे. बिनहाताच्या खुर्चीत बसवायचं, पाय उघडे, तोंड रिकामं. हात गुडघ्यांवरून सैल सोडायला सांगायचे. तोंड उघडायला लावायचं, जीभ बाहेर काढायला लावायची. अंगठ्याला एकेक बोट भराभर टेकवायला सांगायचं. उभं करायचं, चालवायचं, वळवायचं. आणि शरीराच्या प्रत्येक भागाला शून्यापासून चारपर्यंत आकडा द्यायचा. शून्य म्हणजे काही नाही, चार म्हणजे फारच.

आमच्या धर्मादाय दवाखान्यातल्या गर्दीत एवढा वेळ कुणी काढत नसे. मॅडम काढत. औषध सुरू करण्याआधी एकदा आणि मग दर तीन महिन्यांनी. बाहेर लोक कुरकुरत. शिकाऊ डॉक्टर घड्याळ पाहत. मॅडम म्हणत, "औषध मी देते. त्यानं काय केलं ते पाहायला दुसरं कोण येणार आहे?"

मी उमरेडची. वडील हातमागावर बसायचे, आई शेतमजुरीला जायची. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. नागपुरात समाजकार्याचं शिक्षण संपवून मी या दवाखान्यात लागले. पहिल्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून, प्रमाणपत्रांची फाइल छातीशी धरून गेले. मॅडमनी फाइल कपाटावर ठेवून दिली आणि मला बाहेर रुग्णांच्या बाकावर नेऊन बसवलं. सकाळभर मी तिथंच. मला वाटलं, माझी जागा दाखवून देत आहेत. दुपारी त्यांनी विचारलं, "काय पाहिलंस?"

मी म्हटलं, "खूप गर्दी होती, मॅडम."

"उद्या परत बस."

दुसऱ्या दिवशी मला एक बाई दिसली. तिचा डावा हात मांडीवर होता आणि त्याचा अंगठा जपमाळ ओढावी तसा हलत होता. हातात माळ नव्हती. मी ते सांगितलं तेव्हा मॅडमनी पहिल्यांदा माझं नाव विचारलं. "सुरेखा," त्या म्हणाल्या, "आत आल्यावर माणूस तपासणीला तयार होऊन बसतो. खरा असतो तो बाकावर."

माझ्या भाषेची मला तेव्हा फार लाज वाटायची. शिक्षणासाठी नागपुरात आल्यावर मी घासूनपुसून 'मला', 'तुम्हाला', 'करत आहे' असं बोलायला शिकले होते. रुग्णांशीही तसंच बोलायची. मॅडमनी काही दिवस ऐकून घेतलं आणि मग एकदा म्हणाल्या, "तू पुस्तकातलं बोललीस की ही माणसं ताठ होतात. मास्तरांसमोर बसल्यासारखी. मग मला कळत नाही की हात औषधानं आखडलाय का तुझ्या भाषेनं. तू घरी कशी बोलतेस?"

मी एक वाक्य तसं बोलून दाखवलं.

"तसंच बोल त्यांच्याशी."

मग मी "काका, हात ढिल्ले सोडा न, कायले आवळून राहिले?" असं म्हणायला लागले आणि खरंच हात सैल पडायला लागले. जी बोली मी बसस्टँडवरच सोडून आले होते, ती मॅडमनी माझ्या कामाची करून दिली. याचे उपकार कसे सांगावेत, मला कळत नाही.

त्यांची आणखी एक शिकवण होती. बोटं टेकवायला सांगितली की शिकाऊ डॉक्टर बोटांकडे पाहत. मॅडम त्यांच्या डोक्यावर हलकी टपली मारत. "वर पाहा. माणूस बोटांत गुंतला की त्याचं तोंड मोकळं होतं." आणि तसं व्हायचंच. जो चेहरा क्षणापूर्वी शांत होता, त्याचे ओठ मुडपायला लागत, गाल फुगायला लागत.

मी लागले तेव्हा चूळ भरण्याची रीत नव्हती. तोंडात काही आहे का, एवढंच विचारायचे. आता आमच्या भागात हा प्रश्न विचारून काय उपयोग? सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा इथं डॉक्टरपासून रुग्णापर्यंत कुणाच्याही गालात असतो, आणि सगळे "नाई जी" असंच म्हणतात. जबडा हलताना दिसला की आम्ही मनातल्या मनात म्हणायचो, खर्रा. मॅडमही तेच म्हणायच्या. देवाजींच्या बाबतीत हेच झालं.

देवाजी माझ्याच गावचे. सुतारकाम करायचे, पण त्यांची ओळख ती नव्हती. उमरेडच्या भीमगीतांच्या पार्टीत ते मुख्य गायक होते. मी शाळेत असताना जयंतीच्या रात्री आमची वस्ती त्यांचा आवाज ऐकायला जमायची. तरुणपणी त्यांना आजार झाला होता. शेजारी आपल्याला मारायला टपले आहेत असं वाटून ते घराचं दार आतून खिळे ठोकून बंद करत, पोटच्या मुलीलाही ओळखत नसत. मग मॅडमनी महिन्याचं इंजेक्शन सुरू केलं आणि माणूस परत आला. पुन्हा गायला लागला. पार्टीत मात्र कुणाला हे माहीत नव्हतं. दर महिन्याला नागपूरला कशाला जातो, तर शुगरच्या इंजेक्शनला, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

मग एका वर्षी मॅडमना त्यांचा जबडा हलताना दिसला. त्या रागावल्या. "देवाजी, एवढा गळा आहे तुमचा आणि खर्रा खाता?"

"मॅडम, मी खर्रा नाई खात. कधीच नाई खाल्ला."

"सगळे हेच म्हणतात."

कुसुमताई, त्यांची बायको, शेजारी खाली मान घालून उभी होती. तिलाही वाटत होतं की नवरा लपून खातो. ती त्यांच्या सदऱ्याचे खिसे धुंडाळायची. पन्नी कधी सापडली नाही, तेव्हा तिला वाटलं, हा तर पक्का चोर. पुढच्या खेपेलाही मॅडम तेच बोलल्या.

त्यानंतर कुसुमताई एकटीच आली. दारातच रडायला लागली. विहारात कार्यक्रम होता. देवाजी माईकसमोर उभे होते, पेटीवाला सूर देत होता, आणि पार्टीचे प्रमुख, निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे गुरुजी म्हणत, ते एकदम उठले. भरल्या सभेत ओरडले, "बाबासाहेबांच्या फोटोसमोर खर्रा चघळून राहिला? लाज नाई वाटत तुले? उतर खाली!" देवाजींनी तोंड उघडून दाखवलं. मागून कुणी तरी म्हणालं, "गिटला असन, पोटात गेला." लोक हसले. तेव्हापासून माणूस घराबाहेर पडला नव्हता.

"घेऊन या त्यांना," मॅडम एवढंच म्हणाल्या.

ते आले. मॅडमनी स्वतः पेला भरून त्यांच्या हातात दिला. देवाजींनी चूळ भरली. पाणी स्वच्छ पडलं. मॅडमनी बॅटरी घेतली, गाल बाजूला करून पाहिलं, हिरड्या पाहिल्या. काही नव्हतं. मग तोंड उघडून बसायला सांगितलं. जीभ आतल्या आत वळत होती, दाढेत अडकलेलं काही शोधत असल्यासारखी. बोटं टेकवायला लावली तेव्हा ओठही जिभेबरोबर हलायला लागले, चव घेत असल्यासारखे. मॅडमनी सगळी तपासणी पुन्हा एकदा पहिल्यापासून केली. जिभेपुढे तीन लिहिले.

मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "देवाजी, तुम्ही खरं बोलत होता. हे माझ्या इंजेक्शनमुळे झालं आहे. आणि मी दोनदा तुम्हाला खोटं पाडलं."

देवाजींनी आपल्या गालाला हात लावून पाहिला. "म्हंजे मी चावून नाई राहिलो?"

"नाही."

"मंग कोन चावून राहिलं?"

या प्रश्नाचं भय मला नंतर कळलं. ज्या माणसानं एकदा आपल्या डोक्यात परके आवाज ऐकले आहेत, त्याच्या तोंडात आता कुणी परकं शिरलं होतं. मॅडमना ते तिथंच कळलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "कुणी नाही. आजार परत आलेला नाही. मेंदूला औषधाची सवय झाली आहे, त्यातून ही हालचाल होते. तुमची जीभ आहे, तुमचीच आहे."

"जाईन का थे?"

"माहीत नाही. कमी होऊ शकतं. काहींचं राहतं."

दुसरा कुणी डॉक्टर 'होईल हो बरं' म्हणाला असता. मॅडमना ते जमत नसे. त्या दिवसापासून आमच्या खोलीत चूळ आली.

कुसुमताईनं हात जोडले. "मॅडम, हे तिथी येऊन सांगा न. गुरुजींले सांगा."

"सांगेन. पण मग इंजेक्शन कशाचं आहे तेही सांगावं लागेल. ते मी ठरवणार नाही. देवाजी ठरवतील."

देवाजी त्या दिवशी तसेच गेले. आठवड्यानं परत आले, एकटे. उभ्या उभ्याच म्हणाले, "सांगा मॅडम. पागल म्हनतीन तं म्हनू द्या. पन फोटोसमोर खर्रा खाल्ला, असं माह्या पोरीनं ऐकाले नाई पाहिजे."

रविवारी आम्ही उमरेडला गेलो. विहारात वीस-पंचवीस माणसं जमली होती. खुर्ची मांडली होती, पण मॅडम सतरंजीवर बसल्या. जय भीम झाला. त्यांनी साध्या शब्दांत सगळं सांगितलं. यांना कोणता आजार होता, औषधानं काय दिलं, काय घेतलं. शेवटी म्हणाल्या, "यांच्या तोंडात तेव्हा काही नव्हतं. तुम्ही जी चूक केली, ती तुमच्या आधी मी केली होती."

गुरुजी उठले. देवाजींसमोर येऊन त्यांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "माफ कर गा देवाजी. मले माहीत असतं तं…" बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मला वाटलं, झालं, मिटलं. आता पेटी येईल.

पेटी आली नाही. मागे कुणी तरी हळूच म्हणालं, "म्हंजे डोक्याचं होय का बाप्पा." गुरुजींनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि देवाजींच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "तू आता आराम कर. टेन्शन घेऊ नको. जयंतीले पाहू." जयंती आली तेव्हा दुसरा गायक उभा होता. देवाजींसाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती. मुलं त्यांना पाणी आणून देत होती. कुणी वाईट वागलं नाही. पण सरावाला त्यांना परत कुणी बोलावलं नाही.

त्या रविवारी परतताना मॅडम गाडीच्या खिडकीबाहेर पाहत होत्या. कुही फाट्याच्या पुढे कुठे तरी म्हणाल्या, "राग होता तोवर बरं होतं, सुरेखा. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. आता त्यांनी देवाजींची काळजी घ्यायचं ठरवलंय."

मग सुरू झालं ते लांबलचक काम. इंजेक्शन हळूहळू बंद करून दुसऱ्या गोळीवर आणायचं होतं. तिच्यासाठी सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागे. मॅडमनी आधीच बजावलं होतं की इंजेक्शन कमी होताना जीभ काही दिवस जास्तच हलेल. तशी ती हलली. देवाजींना जेवताना जीभ चावली जाई, भातात रक्त दिसे. मधल्या काही दिवसांत आवाजही परत आले. कुसुमताई फोनवर म्हणाली, "सुरेखा, हे दाराकडे पाहून राह्यले." त्या वेळी मॅडमनी त्यांना दवाखान्यात ठेवून घेतलं आणि रोज दोनदा स्वतः जाऊन बसल्या. आवाज गेले. हालचाल कमी करणारी वेगळी गोळी देऊन पाहिली. तिनं जीभ जरा शांत झाली, पण माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला, मुलीशीही बोलेना. ती गोळी मॅडमनी बंद केली.

असं करत करत तीनाचे दोन झाले. कुसुमताईनं घरून चिवडा करून आणला. मॅडमनी खाल्ला, आवडीनं खाल्ला, आणि म्हणाल्या, "कुसुमताई, दोन म्हणजे शून्य नाही."

"मालूम हाय जी. पन तीन बी नाई न."

मॅडम हसल्या. त्यांना असं हसताना मी क्वचित पाहिलं.

देवाजींच्या तपासणीत त्यांनी एक जादा गोष्ट घातली होती. शेवटी त्या म्हणत, "एक ओळ गा." बोलताना शब्द कसे फुटतात ते पाहायचं असतंच. ते त्या गाण्यातून पाहत. देवाजी डोळे मिटून गात. सूर तोच होता. पण जीभ 'ल' आणि 'ळ' वर पोचायला उशीर करायची, आणि शब्द ओला होऊन बाहेर यायचा. मॅडम ऐकून घेत, 'छान' म्हणत नसत. "मागच्यापेक्षा 'र' स्वच्छ आहे," असं म्हणत. देवाजींना तेवढं पुरत असावं. ते एस.टी.त बसेपर्यंत 'र' असलेले शब्द गुणगुणत, असं कुसुमताई सांगायची.

दोनाचा एक होईल, या आशेवर ते दोघं यायचे. एक झाला, की देवाजी गुरुजींकडे जाऊन म्हणणार होते, मले एक गाणं द्या. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. एवढ्यासाठीच सगळं चाललं होतं. पण दोन हलेना.

मग मॅडमच आजारी पडल्या. स्वादुपिंडाचा कर्करोग. त्यांनी तो आम्हाला रुग्णाचा अहवाल वाचावा तसा सांगितला. काही महिने त्या येत राहिल्या. साडी अंगावर टांगल्यासारखी दिसायची. बाकावरची माणसं कुजबुजायची, "मॅडम सुकल्या न गा." चूळ भरून येणारी बाई आधी त्यांनाच विचारायची, "काय झालं वं माय तुम्हाले?" मॅडम म्हणायच्या, "बसा. हात सोडा."

मॅडमच्या दवाखान्यातल्या शेवटच्या दिवशी देवाजींची तारीख होती. हा शेवटचा दिवस आहे हे देवाजींना कळलं होतं. मॅडमनी सगळं नेहमीसारखं केलं. चूळ, चपला, हात, तोंड, जीभ, बोटं. चालवलं, वळवलं. मग म्हणाल्या, "एक ओळ."

देवाजींनी मान हलवली. "आज नाई, मॅडम."

मॅडमनी आग्रह केला नाही. पेन उचललं. कुसुमताई टेबलावर वाकली. "आता कमी दिसते न जी? मले तं कमीच दिसून राह्यलं."

मलाही तसं वाटलं. की वाटावंसं वाटलं, कोण जाणे. एका आकड्याचा तर प्रश्न होता. मॅडमनी मला विचारलं असतं तर मी 'एक' म्हटलं असतं. त्यांनी विचारलं नाही. त्यांनी देवाजींना पुन्हा बोटं टेकवायला सांगितली, खुर्चीचा काठ धरून पुढे वाकल्या आणि बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. श्वास घेताना त्यांना त्रास होत होता.

"नाही, कुसुमताई. दोनच आहे."

कुसुमताईचा चेहरा पडला. मग देवाजीच बोलले. "बरं केलं, मॅडम. तुम्ही एक लिहिला असता तं मी उद्याच गेलो असतो विहारात. माईकसमोर उभा राह्यलो असतो. आन् मंग…" त्यांनी हातानं तोंडाकडे खूण केली.

मॅडमनी त्यांना हात जोडले. एखाद्या रुग्णाला त्यांनी हात जोडलेले मी तेव्हाच पाहिले. "माझ्याकडून एवढंच झालं, देवाजी."

"मॅडम," देवाजी म्हणाले, "मी माह्या पोरीले वळखत नव्हतो. आता तिच्या पोराले खांद्यावर घेऊन फिरतो. मी तुमाले काय बोलू?" ते खूप सावकाश बोलले, एकेक शब्द जागेवर बसवत. ऐकताना काहीच चुकलं नाही.

मॅडम पुढे चार महिने जगल्या. मी दोनदा सदरला त्यांच्या घरी गेले. पहिल्यांदा त्यांनी दवाखान्यात कुणाचं काय, ते विचारून घेतलं. दुसऱ्यांदा बोलणं झालं नाही. वेदनेच्या औषधानं त्यांना गुंगी होती. मी पलंगाशेजारी बसून त्यांच्या पांघरुणावरच्या हाताकडे पाहत राहिले. तो हात अगदी स्थिर होता.

त्यांच्या जागी आलेले डॉक्टर चांगले आहेत, तरुण आहेत, पण त्यांच्यापुढे रांग आणखी लांब आहे. मोजण्याचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं आहे. ही गेल्या महिन्याची गोष्ट. देवाजी आणि कुसुमताई आले. देवाजी आता थकले आहेत. मी सगळं रीतीनं केलं. जीभ पाहिली, बोटं टेकवायला लावली, वर पाहिलं. मग पुन्हा एकदा सगळं केलं.

कुसुमताई माझ्या पेनाकडे पाहत होती. मी तिच्या गावची, तिच्या डोळ्यांसमोर वाढलेली पोर. मॅडमना ती जे म्हणू शकली नसती, ते मला म्हणाली, "सुरेखा, वाढलं का वं?"

"हाव, काकू," मी म्हटलं. "वाढलं. तीन हाय."

तिनं डोळ्यांना पदर लावला. देवाजींनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "नीट पाह्यलं न पोरी?"

"नीट पाह्यलं, काका."

"मंग लिही," ते म्हणाले.